विनोदी क्वीअर चाचेकथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा प्रकार नेमका कोणता?

चार गोष्टी एकत्र आल्या की ही कथा होते. समुद्रावरची लूटमार, जादू किंवा सगळंच कल्पित जग, कथेच्या मध्यभागी असलेली समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स, अलैंगिक किंवा कुठल्याच खणात न बसणारी, म्हणजे क्वीअर माणसं, आणि सांगणाऱ्याचा हसरा सूर. जादू वगळली तर ऐतिहासिक कादंबरी उरते. हसू वगळलं तर तीच माणसं फासाच्या दोराकडे निघालेली दिसतात. क्वीअर माणसं नुसती कोपऱ्यात उभी असली, म्हणजे एखादा स्वयंपाकी दोन वाक्यांत ‘माझा नवरा’ म्हणून गेला आणि पुढे त्याचं नावही निघालं नाही, तर तेवढ्यावर कथा या प्रकारात बसत नाही.

पण चाचेच का? राजवाडा, जंगल, अवकाशयान का नाही?

कारण चाच्यांच्या जहाजावर नियम नव्याने लिहिले जात, आणि ते लिहिणारी माणसं त्याच जहाजावर राहत.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अटलांटिकमधल्या अनेक चाचेजहाजांवर लेखी करार असे. जहाजावर येणारा प्रत्येक जण त्यावर सही किंवा खूण करी. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाचेकप्तानाच्या जहाजावरची कलमं आज वाचायला मिळतात. महत्त्वाच्या बाबींत प्रत्येकाला मत. रात्री आठला दिवे बंद. त्यानंतर ज्याला प्यायची असेल त्याने उघड्या डेकवर जाऊन प्यावी. लुटीतले दोन वाटे कप्तानाचे आणि दोन क्वार्टरमास्टरचे, म्हणजे वाटप करणाऱ्या अधिकाऱ्याचे. सारंग आणि तोफा डागणारा गोलंदाज यांना दीड, इतर अधिकाऱ्यांना सव्वा, बाकीच्यांना एक. हात किंवा पाय गमावला तर सामाईक निधीतून ८०० चांदीची नाणी. वादकांना शब्बाथच्या, म्हणजे प्रार्थनेच्या दिवशी सुट्टी.

त्याच काळात व्यापारी जहाजावर कप्तान म्हणेल तो कायदा होता आणि नौदलात चाबूक. इंग्लंडच्या कायद्यात १५३३ पासून पुरुषापुरुषांतल्या संबंधांना देहदंड होता, आणि तो १८६१ पर्यंत कागदावर राहिला. ब्रिटिश नौदलाने १८१६ साली आफ्रिकेन नावाच्या एकाच जहाजावरच्या चार जणांना या गुन्ह्यासाठी फाशी दिली. अशा जगात शंभरेक माणसं एकत्र बसून आपलं आपण ठरवतात की इथे कोण कुणाचं, कुणाला किती वाटा आणि मेल्यावर कुणाचं काय कुणाकडे जाणार. क्वीअर वाचकाला हे चित्र का जवळचं वाटतं, ते आणखी समजावून सांगायला नको. बाहेरच्या कायद्याने दोघांनाही, चाच्याला आणि प्रियकराला, एकाच दोराला बांधलेलं होतं.

म्हणजे इतिहासात खरंच असे चाचे होते?

सावधपणे उत्तर द्यायचं तर, होण्याजोगी परिस्थिती होती, काही नोंदीही आहेत, पण त्या काळी स्वतःला ‘समलिंगी’ म्हणवणारी ओळखच नव्हती. सतराव्या शतकात कॅरिबियन बेटांवरच्या बकनिअर म्हणवणाऱ्या लुटारूंमध्ये ‘मातेलोताज’ नावाची रीत होती. दोन पुरुष आपली मालमत्ता एकत्र करत, लढाईत एकमेकांची पाठ राखत, आणि एक मेला की दुसरा वारस ठरे. काही जोड्यांमध्ये हा निव्वळ व्यवहार असेल, काहींमध्ये जन्माची सोबत, काहींमध्ये देहाचं नातंही. सगळ्यांना एका मापात बसवणारी विधानं, मग ती कुठल्याही बाजूची असोत, वाचताना सावध राहावं. बी. आर. बर्ग या इतिहासकाराने १९८३ साली या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याच्या निष्कर्षांवर इतर अभ्यासकांनी भरपूर हरकती घेतल्या. कथालेखकाला मात्र तो वादही उपयोगी पडतो.

ॲन बॉनी आणि मेरी रीड या दोन स्त्री चाच्यांची नावं तर येणारच. १७२० च्या ऑक्टोबरमध्ये जॉन रॅकम या चाच्याच्या जहाजावर त्या पकडल्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये रॅकम जमैकात फासावर गेला. दोघींनाही फाशीचीच शिक्षा झाली, पण दोघींनी गरोदर असल्याचं सांगितलं आणि अंमलबजावणी थांबली. मेरी १७२१ मध्ये तुरुंगात वारली. ॲनचं पुढे काय झालं याची पक्की नोंद नाही, आणि त्या मोकळ्या जागेत कथाकार तीनशे वर्षं ये-जा करताहेत.

१७२४ मध्ये ‘कॅप्टन चार्ल्स जॉन्सन’ या नावाने छापलेल्या चाच्यांच्या इतिहासात या दोघींचा एक प्रसंग आहे. पुरुषवेशातल्या मेरीला देखणा तरुण समजून ॲन तिच्यापाशी मन मोकळं करते, आणि मेरीला आपण बाई असल्याचं सांगावं लागतं. इकडे रॅकम या ‘तरुणा’वर जळून गळा कापायची धमकी देतो, तेव्हा त्यालाही गुपितात घ्यावं लागतं. यातलं खरं किती हा प्रश्न वेगळा. पण गैरसमज, मत्सर, वेशांतर आणि हसू हा आज लिहिल्या जाणाऱ्या कथांचा सगळा साचा तीनशे वर्षांपूर्वीच छापून झालेला होता, हे मात्र नक्की.

विनोद कशाला? विषय गंभीर आहे ना?

विषय गंभीर आहे म्हणूनच. क्वीअर पात्रांना कथेत जागा मिळू लागली तेव्हा बराच काळ ती दोनच कामांसाठी मिळाली: मरायला, नाहीतर खलनायक व्हायला. हॉलिवूडमध्ये १९३४ ते १९६८ या काळात चित्रपटांना लागू असलेल्या नियमसंहितेत समलिंगी संबंध सूचित करायलाही मनाई होती. मग ते लपूनछपून आले. लेस, पिसं, अंगठ्या, लाडिक आवाज असलेला खलनायक हा त्याचाच एक अवतार. प्रेक्षक त्याला हसत, आणि शेवटी तो बुडे.

या कथा तोच पोशाख उचलतात आणि नायकाच्या अंगावर घालतात. लेस तीच, पिसं तीच, पण आता कथा त्याच्या बाजूने आहे. हसू येतं ते त्याला पकडायला निघालेल्या सुभेदाराच्या ढोंगाचं, दोघांखेरीज अख्ख्या जहाजाला कळलेल्या प्रेमाचं, तलवारीपुढे न डगमगणाऱ्या माणसाला ‘आज इथंच थांबशील का’ एवढं विचारताना फुटणाऱ्या घामाचं. दिशा बदलली की तोच विनोद मलम होतो.

दुसरं कारण तंत्राचं आहे. हसलेला वाचक सैल झालेला असतो. सलग पन्नास पानं हसवल्यावर एका साध्या वाक्याने, म्हणजे ‘तुझा वाटा मी वेगळा काढून ठेवला होता’ असल्या वाक्याने, डोळ्यांत पाणी आणता येतं. गंभीर कादंबरीला त्यासाठी मोठी तयारी करावी लागते.

क्वीअर नसलेल्या वाचकाला यात काय मिळेल?

चांगली साहसकथा, आणि जमवलेलं कुटुंब. रक्ताचं नातं नसलेली दहा-बारा माणसं एकमेकांची कशी होतात, हे बघण्याची ओढ सगळ्यांनाच असते.

यात जादू कशासाठी लागते? नुसता समुद्र पुरत नाही का?

पुरतो, पण मग कायदाही त्या काळचाच घ्यावा लागतो. कल्पित जगात लेखक आधी ठरवतो की इथे दोन बायकांचं लग्न ही बातमी आहे की नाही. पर्याय ढोबळमानाने तीन. पहिला, पूर्वग्रह नसलेलं जग. इथे अडथळे दुसरीकडून आणावे लागतात: वैर, शपथ, शाप, पगार. दुसरा, किनाऱ्यावर पूर्वग्रह आणि जहाजावर मोकळीक; यात जहाजाला घराचं मोल येतं आणि किनाऱ्याला पाय लागला की ताण आपोआप येतो. तिसरा, सगळीकडे पूर्वग्रह. हा विनोदी कथेला सर्वांत जड जातो.

आमच्या मते दुसरा पर्याय या प्रकाराला सर्वांत जास्त शोभतो. पहिल्यात पुष्कळ कथा गुळगुळीत होतात, कारण लेखक पूर्वग्रह काढतो आणि त्याच्या जागी दुसरा अडथळा ठेवायचं विसरतो.

जादूचा दुसरा उपयोग म्हणजे मनातलं बाहेर दाखवणं. खोटं बोललं की फिरणारं होकायंत्र, मालकाचा मूड पाहून फुगणारं शीड, जिला आपला आवाज परत नको आहे अशी जलपरी. जादूला किंमत आणि मर्यादा मात्र हवी. वादळ हुकमावर थांबवता येत असेल तर खलाशांची गरजच उरत नाही, आणि खलाशी नसले तर कथाही नाही.

चाचे म्हणजे लुटारू, खुनी. त्यांना गोंडस दाखवणं बरोबर आहे का?

हा प्रश्न टाळणारी कथा कमअस्सल होते. अटलांटिकमधली चाचेगिरी गुलामांच्या व्यापाराच्या ऐन मध्यावर चालली होती. वर ज्याची कलमं सांगितली त्या रॉबर्ट्सच्याच माणसांनी जानेवारी १७२२ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्हायडा इथे पॉर्क्युपाइन नावाचं जहाज पेटवलं. त्यावर बेड्यांत जखडलेली सुमारे ८० माणसं होती. सामाईक मतदान आणि ही आग, दोन्ही एकाच टोळीची. एकीबद्दल बोलताना दुसरी विसरू नये.

चांगले लेखक यातून तीन वाटांनी जातात. जहाज कुणाला लुटतं हे स्पष्ट ठरवतात, आणि लूट गोदामांची, करवसुलीची, गुलाम वाहणाऱ्या कंपन्यांची असते. सुटून आलेली माणसं जहाजावर नुसती ‘वाचवलेली’ न राहता त्यांना नाव, मत आणि वाटा मिळतो. आणि विनोद कुठे थांबतो याची रेघ पाळतात; तळघरातल्या बेड्यांवर कुणी कोटी करत नाही.

चाच्यांबद्दलच्या कोणत्या ‘माहीत असलेल्या’ गोष्टी मुळात कथांतूनच आल्या आहेत?

फुलीचा नकाशा, खांद्यावरचा पोपट आणि एका पायाचा चाचा यांचं एकत्र चित्र रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ने (१८८३) पक्कं केलं. ‘आर्र’ असा घोगरा उच्चार त्याच कादंबरीवरच्या १९५० च्या चित्रपटातून पसरला; रॉबर्ट न्यूटन या नटाने आपल्या नैऋत्य इंग्लंडच्या बोलीला बळ देऊन तो वापरला होता. फळीवरून चालायला लावून समुद्रात ढकलणं प्रत्यक्षात फार क्वचित. पाणी मिसळलेल्या रमला ‘ग्रॉग’ म्हणणं १७४० नंतरचं, म्हणजे तोवर कॅरिबियनमधले नावाजलेले चाचे केव्हाच संपले होते.

कल्पित जगात हे सगळं वापरायला हरकत नाही. माहीत असून वापरलं तर त्यातून विनोदही निघतो. पोपटाची ॲलर्जी असलेला कप्तान चालेल. पोपट आहे म्हणून चाचेकथा झाली, हे चालणार नाही.

खरे प्रसंग याहून मजेशीर असतात. स्टीड बॉनेट हा बार्बाडोसचा सुखवस्तू मळेवाला. १७१७ मध्ये त्याने लुटण्याऐवजी स्वतःच्या पैशांनी जहाज घेतलं, खलाशांना वाट्याऐवजी पगार लावला आणि सोबत पुस्तकांचा संग्रह घेतला. सकाळच्या घरगुती झग्यात तो डेकवर फिरतो आणि मग पुस्तकांकडे वळतो, असं त्या वेळच्या बातमीपत्रात आलं. पुढे त्याची गाठ ब्लॅकबिअर्ड या कुख्यात चाच्याशी पडली. डिसेंबर १७१८ मध्ये त्याला चार्ल्सटनला फाशी झाली. इतकी विसंगत जोडी कल्पनेने रचायची तर लेखक दहा वेळा विचार करील.

आणि चाचेगिरी म्हणजे फक्त कॅरिबियन नव्हे. दक्षिण चीनच्या समुद्रात चेंग यी साओ या स्त्रीने १८०७ मध्ये नवरा वारल्यावर प्रचंड ताफा सांभाळला, आणि १८१० मध्ये सरकारशी तडजोड करून ती जिवंत बाहेर पडली.

पुस्तक निवडताना काय बघू?

पहिली दहा पानं वाचा. त्यात एकदा तरी खरंच हसू आलं पाहिजे. नुसती धावपळ म्हणजे विनोद नव्हे. मग मलपृष्ठ. ‘दोघांची मैत्री कसोटीला लागते’ असं मोघम लिहिलेलं असेल तर नातं शेवटपर्यंत मोघमच राहण्याची शक्यता असते. मग आशयसूचना असल्यास त्या. हिंसा, छळ, बुडून मृत्यू, जबरदस्ती, लैंगिक प्रसंग किती उघड, हे बहुतेक लेखक आता आधीच लिहितात. किशोरवयीन वाचकासाठी पुस्तक घेताना ही पायरी गाळू नका. मुखपृष्ठावरच्या गोड चित्रांवरून आतला मजकूर ओळखता येत नाही.

लांबीचाही विचार करा. या प्रकारात १७,५०० ते ४०,००० शब्दांची लघुकादंबरी पहिल्या वाचनासाठी उत्तम. विनोद दमत नाही, आणि सूर आवडला नाही तर एका संध्याकाळीच कळतं. सहा भागांची मालिका असेल तर पहिला भाग स्वतंत्रपणे पुरा होतो का, ते पाहून घ्या.

शेवट गोडच असतो का?

बहुतेकदा, आणि वाचक त्याच भरवशावर येतो. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने ‘मॉरिस’ ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली. शेवट सुखाचाच हवा हा त्याचा हट्ट होता, आणि कादंबरी छापली गेली ती तो गेल्यानंतर, १९७१ मध्ये. दोन पुरुष शेवटी एकत्र राहतात एवढ्याशा गोष्टीला पेटीत अर्धं शतक काढावं लागलं. त्यामुळे सुखान्त हा इथे सवंग शेवट मानला जात नाही.

सुखान्त म्हणजे कुणीच मरत नाही असं नाही. मरण येऊ शकतं. पण कथेत एकच क्वीअर जोडी असेल आणि तिच्यातलाच एक मरत असेल तर वाचक पुस्तक मिटतो, आणि ते योग्यच आहे.

स्वतः लिहायचं आहे. सुरुवात कुठून?

जहाजाच्या करारापासून. कथानक सुचण्याआधी आठ ते बारा कलमं लिहून काढा. वाटे कसे, भांडणं कशी मिटवायची, जोडप्याला झोपायची जागा कोण देणार, कोण कप्तानाला हटवू शकतं. मग बघा यातलं कोणतं कलम कोण मोडणार. रॉबर्ट्सच्या करारात बाईला वेशांतर करून जहाजावर आणणाऱ्याला मृत्युदंड होता. असं कलम लिहावं लागलं, यातच अर्धी कथा आहे.

मग माणसं. खरं चाचेजहाज ७०-८० जणांचं, कधी दुपटीचं. वाचकाच्या लक्षात मात्र सात-आठ राहतात. कप्तान, क्वार्टरमास्टर, सारंग, गोलंदाज, सुतार, स्वयंपाकी, वैद्य आणि एक नवखा किंवा कैदी. क्वार्टरमास्टरला विसरू नका. लढाई सोडून इतर वेळी कप्तानाला रोखण्याचा अधिकार त्याच्याकडे असे, वाटपही तोच करी. कप्तान आणि क्वार्टरमास्टर यांच्यातली धुसफूस ही विनोदाला आणि प्रेमाला, दोन्हींना उत्तम जमीन आहे.

जोडी लवकर समोरासमोर आणा. ८०,००० शब्दांच्या कादंबरीत पहिली भेट साधारण ५,००० शब्दांच्या आत हवी, आणि ती कुणाच्या तरी कामात अडथळा आणणारी हवी. प्रेमाला मंद आच द्यायची असेल तर दर दोन-तीन प्रकरणांत एक न परतणारी पायरी घ्या: खरं नाव कळतं, जखम बांधली जाते, एकाने दुसऱ्यासाठी खोटं मत दिलेलं उघड होतं. नुसतं ‘जवळ आले आणि कुणीतरी हाक मारली’ असं तिसऱ्यांदा केलंत तर वाचक हाक मारणाऱ्याचा राग करत नाही, तुमचा करतो.

जहाजाची माहिती किती हवी?

थोडी, पण अचूक. पहारे चार तासांचे; संध्याकाळी चार ते आठ हा पहारा दोन-दोन तासांत तोडलेला, म्हणून रोजच्या पाळ्या बदलत राहतात. प्रियकरांच्या पाळ्या जुळणं-न जुळणं याला यातून फुकटचं वेळापत्रक मिळतं. दर अर्ध्या तासाला घंटा, आठ टोल झाले की पहारा संपला. पाच नॉटच्या, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांच्या वेगाने चोवीस तासांत १२० सागरी मैल, म्हणजे सुमारे २२२ किलोमीटर. यावरून ‘दोन दिवसांत समुद्र ओलांडला’ असल्या चुका टळतात. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर साधारण ६७ अंशांपेक्षा जवळून जाऊ शकत नाही, त्यामुळे पाठलागात वारा कुठून येतो हे आधी ठरवा.

आणि तळ खरवडणं! उष्ण समुद्रात लाकडाला किडे लागतात, शिंपले चिकटतात, वेग पडतो. म्हणून दर काही महिन्यांनी निवांत खाडी गाठायची, तोफा-पिंपं उतरवायची, भरतीला जहाज किनाऱ्यावर घ्यायचं, दोरांनी एका कुशीवर कलंडवायचं, तळ खरवडून, शेकून, वर चरबी-गंधकाचा लेप द्यायचा, मग दुसरी कूस. या काळात पळायला जहाज नाही, लढायला जागेवर तोफा नाहीत, आणि सगळे एकाच वाळूवर अडकलेले. भांडणं, कबुल्या, नाच, शत्रूची चाहूल हे सगळं इथे बसतं. तरीही बहुतेक लेखक हा प्रसंग गाळतात आणि चौथी तोफांची लढाई लिहितात.

‘खोलीत एकच पलंग’ हा लाडका प्रसंग जहाजावर हवा असेल तर मोजमाप लक्षात ठेवा. ब्रिटिश नौदलात झोळी टांगायला माणशी १४ इंच रुंदी मिळे. शेजारचा पहाऱ्यावर गेला तरच दुप्पट. एका झोळीत दोघं शिरली तर दोघं मधोमध घरंगळतात आणि बाहेर पडायला तिसऱ्याची मदत लागते. प्रसंग इथेच अर्धा लिहून झाला.

विनोद फसतो तो कुठे?

सर्वांत जास्त वेळा ओळखीवर. ‘दाढीवाल्याने घागरा घातला’ एवढंच हसण्याचं कारण असेल तर तो विनोद घागरा घालणाऱ्यावर आहे. तोच दाढीवाला लढाईच्या आधी ‘या घागऱ्याला रक्त लागलं तर धुणार कोण’ यावर मतदान मागत असेल, तर हसू त्याच्या स्वभावाचं आहे.

मग आजच्या भाषेच्या अतिरेकावर. जहाजावरच्या सभेला कार्यवृत्त असणं गमतीचं. पण प्रत्येक पान आजच्या कार्यालयाची नक्कल करू लागलं की समुद्र नाहीसा होतो. ठेवणीतली गंमत तीनदा आणा: पहिल्यांदा सहज, दुसऱ्यांदा मोठं अंतर सोडून, तिसऱ्यांदा अर्थ उलटा करून. चौथ्यांदा नको. आणि पात्राने स्वतःच्या विनोदावर हसू नये. हसणं वाचकावर सोडा.

धोका खरा ठेवा. कुणालाच कधी इजा होत नसेल तर धाडसही उरत नाही.

मराठीत लिहिताना क्रियापद लिंग उघड करतं. वेशांतर केलेलं किंवा नॉन-बायनरी (स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त बाई न मानणारं) पात्र कसं लिहायचं?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि मराठीकडे याची उत्तरं आहेत.

‘मी येतो’, ‘मी येते’ इथे लिंग दिसतं. पण ‘मी दोर कापला’, ‘मी नकाशा लपवला’ यात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, बोलणारा झाकलेला राहतो. ‘मी उद्या चढेन’, ‘मी जाणार आहे’, ‘मी जात नाही’, ‘मला जायचंय’, ‘मला जमतं’, ‘माझ्याकडून निसटलं’ ही सगळी वाक्यं लिंग सांगत नाहीत. विशेषणं निवडताना ‘हुशार, शूर, धीट, आळशी’ अशी न बदलणारी घ्या. ‘चांगला-चांगली’, ‘एकटा-एकटी’ टाळा. फसवी क्रियापदं लक्षात ठेवा: विसरणं, शिकणं, म्हणणं, बोलणं, पिणं, भेटणं. यांना कर्म असूनही ‘मी विसरलो-विसरले’ असं लिंग फुटतं. पहिला खर्डा झाल्यावर फक्त या क्रियापदांसाठी एक वाचन करा. आणि या फटीचा उपयोगही करा. दहा प्रकरणं जपून बोलणारं पात्र एका माणसापुढे, थकलेल्या क्षणी, ‘विसरले’ म्हणून जातं. इंग्रजीत हा प्रसंग लिहिताच येणार नाही.

नॉन-बायनरी पात्राला तृतीयपुरुषात काय म्हणायचं? ‘ते आले’ म्हटलं तर मराठी कानाला आदरार्थी पुरुष ऐकू येतो. ‘ते आलं’ मध्ये लहान मूल किंवा वस्तू वाटण्याचा धोका आहे. पात्राने स्वतः अभिमानाने ते रूप निवडल्याचं दाखवलंत तर मात्र त्याला धार येते. तिसरा मार्ग नाव पुन्हा पुन्हा वापरण्याचा आणि भविष्यकाळ, कर्मणी, भावे रचनांवर भर देण्याचा. चौथा, पात्राने प्रसंगानुसार दोन्ही रूपं वापरावीत आणि खलाशांनीही. कुठलाही घ्या, पण पहिल्या दोन पानांत ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. अधूनमधून बदललं की वाचकाला ती लेखकाची चूक वाटते.

आणि ‘तू’-‘तुम्ही’?

हे तर मराठी प्रेमकथेचं तापमापक. कैदी कप्तानाला ‘तुम्ही’ म्हणतो, कप्तान त्याला ‘तू’. तह झाल्यावर दोघं ‘तुम्ही’वर येतात. मग एकदा वादळात, दोर हातातून सुटताना, कैद्याच्या तोंडून ‘सोडू नकोस!’ निघतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘तुम्ही’, पण आता दोघांनाही तो खोटा वाटतो. हा बदल लेखकाने वाक्यात समजावून सांगू नये. स्वयंपाक्याला ऐकू आला आणि त्याने पातेलं खाली ठेवलं, तेवढं पुरे.

कोणाकडून वाचून घ्यावं?

निदान तिघांकडून. एक वाचक तुमच्या पात्राच्या ओळखीचा, एक जहाज किंवा होडी वापरलेला, एक या प्रकाराचं काहीच न वाचलेला. तिघांनाही एकच सांगा: जिथे हसलात तिथे समासात टिंब, जिथे थांबलात तिथे फुली. मग विनोदी म्हणून लिहिलेले सगळे उतारे मोठ्याने वाचा. टिंब नाही आणि तुमची जीभही अडखळते, तो उतारा काढून टाका, कितीही लाडका असला तरी. फुली आणि टिंब एकाच ओळीवर पडले असतील तर तिथे हात लावू नका.